रद्दीच्या तराजूवर झुंजार

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाचनालयाच्या पुस्तक-निवड समितीची बैठक भरली होती. वाचनालयाचे नाव सांगत नाही. सीमाभागातले कोणतेही जुने मराठी वाचनालय डोळ्यांसमोर आणा, फार फरक पडणार नाही. विषय साधा होता. कपाटे कमी पडत होती, दोन कपाटांना वाळवी लागली होती आणि बाइंडिंगसाठी हाती असलेली रक्कम तुटपुंजी होती. तेव्हा कोणती पुस्तके पुन्हा बांधून घ्यायची आणि कोणती काढून टाकायची, याच्या दोन याद्या करून आणल्या होत्या. एका यादीवर ‘जतन करण्याजोगी’ असे शीर्षक होते आणि दुसरीवर ‘निर्लेखनास योग्य’.

दुसऱ्या यादीत बाबूराव अर्नाळकर होते, गुरुनाथ नाईक होते, नारायण धारपांची पाने सुटलेली पुस्तके होती, सुहास शिरवळकरांच्या सुरुवातीच्या रहस्यकथा होत्या आणि चंद्रकांत काकोडकरांचे अख्खे फडताळ होते. पहिल्या यादीत कोण होते ते सांगायला नकोच. एका सदस्याने चाचरत विचारले, “यातली काही ठेवायची का?” त्यावर दुसरे एक विद्वान गृहस्थ हसून म्हणाले, “अहो, हे वाचायचे असते, ठेवायचे नसते.” सगळे हसले. मीही हसलो. ठरावावर सगळ्यांनी सह्या केल्या, त्यात माझीही एक आहे.

आठवड्याने रद्दीवाला आला. तराजू लावला. मी सहज म्हणून पोत्यातले एक पुस्तक उचलले आणि मागचे पान उघडले. परतीच्या तारखेचे शिक्के मारण्यासाठी डकवलेली चिठ्ठी इतकी भरली होती की तिच्यावर दुसरी चिकटवली होती, आणि दुसरीवर तिसरी. मग आत जाऊन ‘जतन करण्याजोगी’ यादीतले एक पुस्तक काढून पाहिले. चिठ्ठी होती. शिक्का एकच होता, आणि त्या तारखेला ते पुस्तक मीच नेले होते.

हा लेख त्या सहीचे प्रायश्चित्त म्हणून लिहितो आहे. त्यामुळे त्यात थोडा राग आला तर वाचकांनी तो माझ्यावरच आहे असे समजावे.

आमच्याकडे एक समजूत पक्की रुजली आहे. साहित्य दोन जातींचे असते. एक वरच्या आळीतले, दुसरे खालच्या आळीतले. वरच्या आळीतले जीवनाचे दर्शन घडवते आणि खालच्या आळीतले वेळ घालवते. या दोन आळ्यांचे पाणवठे वेगळे, पंगती वेगळ्या, आणि कोणी चुकून इकडचा तिकडे जेवायला बसला तर कुजबुज सुरू होते. ‘जात’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. कारण इथे पुस्तक वाचून निर्णय होत नाही. ते कोणत्या घरात जन्मले, कोणत्या कागदावर छापले, कोणत्या दुकानात टांगले होते, यावरून होतो. मुखपृष्ठावर पिस्तूल असेल तर आत काय आहे हे पाहण्याची कोणाला गरज वाटत नाही. मुखपृष्ठावर जिरेटोप असेल तर मात्र वाटते. ऐतिहासिक कादंबरी हाही एक लोकप्रिय साचाच आहे. त्यात ठरलेले दरबार, ठरलेले विरह, ठरलेली तेजस्वी वाक्ये असतात. पण कोवाडच्या रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ला १९६४ साली साहित्य अकादमी मिळाली आणि आजऱ्याच्या शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ला मूर्तिदेवी पुरस्कार. ही दोन्ही गावे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आम्हाला आनंदच झाला आणि तो योग्यच होता. या कादंबऱ्या लोकप्रिय आहेत म्हणून त्यांना कमी लेखावे असे मी म्हणत नाही. मी एवढेच विचारतो, की हा न्याय एका साच्याला लागू होतो तर दुसऱ्याला का नाही?

मुळातच पाहू या. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ज्या ‘यमुनापर्यटना’चे नाव घेतले जाते, ती १८५७ ची, आणि तिचे लेखक बाबा पदमनजी हे जन्माने बेळगावचे. विधवांच्या दुःखाची ती कहाणी. म्हणजे गंभीर, प्रबोधनाची, वरच्या आळीतली. चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली. तिच्यात संकटे, कारस्थाने आणि अद्भुत योगायोग. वाचकांनी कोणती उचलून धरली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत कोणत्या वळणाच्या कादंबऱ्या निघत राहिल्या, हे वाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासात वाचायला मिळते. इतिहासकार हे सांगताना सुस्कारा टाकतात. हरिभाऊ आपटे येईपर्यंत अंधारयुग होते, असा त्यांचा सूर असतो.

पण हरिभाऊ कोठून आले? त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’, १८८५ ची. तिच्यामागे उभा आहे तो इंग्लंडमधला रेनॉल्ड्स. म्हणजे आठवड्याला एक पेनी देऊन लंडनचे कामगार आणि मोलकरणी ज्याच्या लंडनच्या काळोख्या गल्ल्यांच्या हकिकती विकत घेत, तो रेनॉल्ड्स. विलायतेतल्या विद्वानांनी त्याला वाङ्मयाच्या इतिहासात उभे करायलाही कुरकुर केली. त्याच रेनॉल्ड्सवर पुढे नाथमाधवांनी ‘वीरधवल’ बेतली, आणि गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी तर ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘बंधुद्वेष’ अशा कादंबऱ्यांनी महाराष्ट्राला रात्र रात्र जागवले. एकाच झऱ्याचे पाणी. हरिभाऊंनी ते वळवून सामाजिक कादंबरीच्या मळ्यात सोडले आणि दातारशास्त्र्यांनी भुयारात. मळ्याचे कौतुक जरूर करा. हरिभाऊंची यमू आजही काळीज चिरते. पण झरा गटाराचा होता असे म्हणून मळ्यातली भाजी पवित्र ठरवता येणार नाही.

कोणी म्हणेल, तो काळ बाल्याचा होता, पुढे साहित्य प्रौढ झाले. ठीक आहे. मग प्रौढातला प्रौढ लेखक घेऊ, आणि तोही आपल्याच मातीतला. जी. ए. कुलकर्णी. एकसंब्यात जन्मलेले, बेळगावात वाढलेले, धारवाडात आयुष्यभर शिकवणारे. मराठी कथेतले सर्वांत दुर्गम शिखर म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते ते. ‘पिंगळावेळ’मधली त्यांची ‘स्वामी’ ही कथा ज्यांनी वाचली असेल त्यांनी एक प्रयोग करावा. लेखकाचे नाव विसरावे आणि कथेचा सांगाडा तेवढा मनाशी मांडावा. एक प्रवासी एका अनोळखी मठात येतो. आदरातिथ्य होते. आदर जरा जास्तच वाटू लागतो. मग हळूहळू कळते की परत जाण्याची वाट बंद झाली आहे. जमिनीखालची खोली, हवेपुरता झरोका, आणि वर त्याच्या नावाने चाललेली भक्ती. हा सांगाडा कोणाचा आहे? भुयार, बंदिवान, गोड बोलणारा यजमान, उशिरा उमगणारा कट! हा सरळ भयकथेचा सांगाडा आहे. धारपांच्या कपाटातून उचलून आणावा तसा.

जी.एं.नी या सांगाड्यावर काय चढवले, झरोक्यातून प्रकाशाकडे जाणाऱ्या त्या वेलीपर्यंत कथा कशी नेली, हे सांगण्याची ही जागा नव्हे. त्यांची थोरवी मला पूर्ण मान्य आहे. पण हेही मान्य करावे लागेल की ती थोरवी सांगाडा टाकून देऊन आलेली नाही, सांगाड्याच्या आधाराने आली आहे. ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न त्यांनी वाचकाच्या छातीवर दाबून धरला म्हणूनच त्यामागचा मोठा प्रश्न आत शिरला. ‘रमलखुणा’तील ‘इस्किलार’ आणि ‘प्रवासी’ पाहा. भविष्यवाणी, शोध, वाटेत भेटणारी विचित्र माणसे. आजीच्या गोष्टीतली आणि अरबी सुरस कथांतली सगळी सामग्री तिथे हजर आहे. जी.एं.ना या सामग्रीची लाज वाटत नव्हती. लाज त्यांच्या टीकाकारांना वाटते. म्हणून ते ‘मिथक’, ‘रूपकात्मकता’, ‘अस्तित्ववादी नियतिबोध’ अशा शब्दांची शाल कथेवर पांघरतात, आणि खाली गोष्ट आहे हे कोणाला दिसणार नाही याची काळजी घेतात.

याच सामग्रीने धारप काय करत होते? धारपांची सगळी पुस्तके चांगली आहेत असे म्हणणारा मी नाही. त्यांचे समर्थ दर वेळी येऊन संकट निवारतात, आणि एकदा समर्थ येणार हे कळले की भीतीचा अर्धा भाग तिथेच ओसरतो. पण त्यांच्या उत्तम पुस्तकांत भीती जिथून उगवते ती जागा फार खरी आहे. वाडा, माळ्यावरची खोली, परसातली विहीर, अंथरुणाला खिळलेली आजी. परकी भुते त्यांनी मराठी मध्यमवर्गीय घराच्या स्वयंपाकघरात आणून बसवली. ‘लुचाई’च्या मागे स्टीफन किंगची कादंबरी आहे, ‘आजी’च्या मागेही त्याचीच कथा आहे, हे कोणीही सांगेल. पण वाचताना अमेरिका आठवत नाही. आपल्याच आजोळची बंद खोली आठवते. हे रूपांतर सोपे असते तर बाकीच्यांनाही जमले असते.

आणि काळाने काय केले पाहा. २०१८ साली ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला. त्यातली ती साखळदंडांनी बांधलेली, झोपेत ठेवावी लागणारी आजी धारपांच्या कथेतून आली आहे. आणि चित्रपटाचे नाव? ते श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. पेंडसे वरच्या आळीतले, धारप खालच्या आळीतले. समीक्षेने पन्नास वर्षे ज्यांना एका पंगतीत बसू दिले नाही, त्यांना अनिल बर्व्यांच्या मुलाने, राही अनिल बर्वे यांनी, एका पडद्यावर शेजारी शेजारी बसवले. २०२४ मध्ये तो चित्रपट पुन्हा चित्रगृहांत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षाही अधिक गर्दी झाली. पण धारप २००८ सालीच गेले होते. ते हयात असताना त्यांच्यावर गंभीरपणे लिहिलेला एखादा समीक्षालेख शोधून पाहा. शिरवळकरांचेही तेच. ‘दुनियादारी’ कॉलेजातल्या पोरांनी हातोहात वाचून पाने झिजवली. चित्रपट २०१३ साली आला आणि लेखक २००३ मध्येच गेलेला. आमच्या समीक्षेला कोणी गाजतो आहे हे कळण्यासाठी चित्रपटाची जाहिरात लागते, असे दिसते.

आता नाव झाकून वाचण्याची गोष्ट निघालीच आहे तर एक खरा प्रसंग सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. तिच्यात नारायण विनायक जगताप नावाच्या कोणा अपरिचिताची ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. मग उलगडा झाला की जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते, कारण आपल्या नावाच्या वजनाने परीक्षक दबू नयेत अशी त्यांची इच्छा होती. कोल्हापूरचा जन्म, केंब्रिजची कीर्ती, आणि तरी माणूस म्हणतो की माझी कथा कथा म्हणून वाचा. पुढे त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला २०१४ चा, आणि तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी. आत्मचरित्र सुंदरच आहे. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा सगळ्यांनी त्यांना विज्ञानकथेचे प्रवर्तक म्हणून वंदन केले. पण ज्या विज्ञानकथांनी एका पिढीला विश्वाकडे मान वर करून पाहायला शिकवले त्या कथा म्हणून कशा आहेत, त्यांतली माणसे जिवंत आहेत की नुसती सिद्धान्त सांगायला उभी आहेत, याची उघड झाडाझडती किती जणांनी घेतली? माझ्या मते त्यांच्या काही कथांत पात्रे फिकी आहेत आणि कल्पना मात्र विलक्षण. हे बोलायला हवे होते. वंदन करून टाळणे हाही उपेक्षेचाच एक सभ्य प्रकार आहे.

काकोडकरांची तऱ्हा आणखी वेगळी. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ छापून आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. हो, दिवाळी अंकातच. आज आपण ज्या प्रकारचा अंक हातात धरून बसलो आहोत त्याच जातीच्या अंकात. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ मध्ये त्याने लेखकाला निर्दोष सोडले. निकालपत्रातला मुद्दा मोठा मनोरंजक आहे. कथा फार उच्च दर्जाची नसेल, कुठे कुठे अभिरुचीला खटकत असेल, पण तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही, असे न्यायमूर्तींनी म्हटले. म्हणजे पाहा, दिल्लीतल्या न्यायमूर्तींनी काकोडकरांची कथा अथपासून इतिपर्यंत वाचली, समग्र वाचून मत दिले, आणि दर्जा व गुन्हा या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मराठी समीक्षेला जे जमले नाही ते कायद्याने केले. काकोडकर वाईट लिहीत असतील. पण वाईट म्हणण्यासाठीसुद्धा आधी वाचावे लागते.

इथे आमचे विद्वान गृहस्थ हातातली सुपारी कातरत विचारतील, “मग अर्नाळकरांना ज्ञानपीठ द्यावे असे तुमचे म्हणणे आहे का?”

नाही. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. इतके लिहिणाऱ्याच्या हातून जे होते ते त्यांच्या हातून झाले. घाई आहे, पुनरुक्ती आहे, एकाच घडणीचे खलनायक आहेत, दोन पानांत शुद्धीवर येणाऱ्या मूर्च्छा आहेत. झुंजार हा विलायतेतल्या ‘सेंट’चा मानसपुत्र आहे हे लपून राहिलेले नाही. एकूणच आमच्या रहस्यकथाकारांनी परक्या मालावर आपले लेबल लावण्यात संकोच केला नाही, आणि याची नोंद कठोरपणे व्हायला हवी. बायकांच्या बाबतीत तर या पुस्तकांत बराच अन्याय आहे. बाई एक तर वाचवायची किंवा संशय घ्यायचा. झुंजारची विजया त्यातल्या त्यात बरी, तिला निदान स्वतःची हुशारी आहे. हे सगळे दोष मी मांडतो, कारण दोष मांडणे म्हणजेच दखल घेणे. मला या लेखकांसाठी दया नको आहे. समीक्षा हवी आहे.

आणि समीक्षा झाली तर काय दिसेल? अर्नाळकरांचे मराठी दिसेल. छोटी वाक्ये, नेमके क्रियापद, विशेषणांची काटकसर. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे ते गद्य आजही मुलाला वाचायला दिले तर तो अडखळत नाही. ज्या काळात आमचे ललित लेखक एका वाक्यात तीन उपमा आणि एक सुस्कारा बसवत होते, त्या काळात हा माणूस दार उघडतो, माणसाला आत आणतो आणि कथेला गती देतो. ही साधी गोष्ट किती अवघड आहे हे कथा लिहून पाहिलेल्यांना विचारा. ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये, १९३१ साली, गुंतागुंत कशी उभारावी, उत्कंठा कशी ताणावी, उकल कुठे करावी याची सांगोपांग चर्चा केली. नंतर फडके पडते झाले आणि त्यांच्याबरोबर तंत्रही अस्पृश्य ठरले. ते तंत्र जिवंत ठेवले ते या रहस्यकथाकारांनी, पाकिटाएवढ्या पुस्तकांत.

आता वरच्या आळीच्या दोषांकडे जरा वळू. तिथे साचे नसतात का? पुण्या-मुंबईतला एक संवेदनशील माणूस, त्याला कंटाळा येतो, त्याला एक बाई भेटते, ती निघून जाते, तो खिडकीशी उभा राहतो आणि पाऊस पडतो. हा साचा मी किती दिवाळी अंकांत वाचला असेल याची गणती नाही. मग ग्रामीण साचा: दुष्काळ, सावकार, मेलेला बैल. हे विषय खोटे नाहीत, बैल खरोखर मरतात. पण लेखकाने पहिल्याच पानावर बैल मारायचे ठरवून लिहायला घेतले की ती कथा आणि झुंजारची कथा यांत कारागिरीच्या दृष्टीने काय अंतर उरते? झुंजारच्या कथेत निदान शेवट आधी कळत नाही.

सीमेवर राहणाऱ्याला एक सोय असते. शेजारच्या घरातली स्वयंपाकाची पद्धत त्याला दिसते. कन्नडमध्ये एन. नरसिंहय्यांनी पत्तेदार पुरुषोत्तमच्या शेकडो कादंबऱ्या लिहिल्या. आणि आमच्याइकडे अर्नाळकरांमुळे जसे लोक वाचायला लागले, तसे तिकडे त्यांच्यामुळे लागले असे कन्नड माणसे अभिमानाने सांगतात. तिकडेही उच्च-नीच आहेच, नाही असे नाही. भैरप्पांना वाचकांनी डोक्यावर घेतले, इकडे उमा कुलकर्णींच्या अनुवादांनी मराठीतही घरोघरी पोचवले, आणि कन्नड समीक्षकांतले अनेक जण अखेरपर्यंत त्यांच्याकडे संशयाने पाहत राहिले. पण तिथे पूर्णचंद्र तेजस्वीही झाले. कुवेंपूंसारख्या महाकवीचा हा मुलगा, स्वतः मान्यवर लेखक. त्याने ‘कर्वालो’ लिहिली ती उडत्या सरड्याच्या शोधाची. पुढे ‘जुगारी क्रॉस’ लिहिली तर ती चक्क रहस्यकथा: घाटातला आडवा रस्ता, वेलदोड्याचा व्यापार, जंगलात चाललेली गुन्हेगारी. कोणी त्याला आळी बदलल्याबद्दल वाळीत टाकले नाही. त्या थरारातूनच मलनाडचे जंगल कसे लुटले जाते आहे हे वाचकाला कळले. बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी ब्योमकेश लिहिला आणि ऐतिहासिक कादंबरीसाठी रवींद्र पुरस्कारही घेतला. सत्यजित राय यांनी फेलुदा लिहिला. आपल्याकडे रत्नाकर मतकरींनी ‘लोककथा ७८’सारखे नाटक लिहिले आणि आयुष्यभर गूढकथाही लिहिल्या. नाटकावर चर्चासत्रे होतात. गूढकथांचे नाव परिचयपत्रात एका ओळीत येते.

मराठीतही हे पाणवठे नेहमी वेगळे नव्हते. अनंत अंतरकर ‘हंस’ चालवत होते आणि ‘नवल’ही. एकाच संपादकाच्या मेजावर एका बाजूला प्रयोगशील कथा आणि दुसऱ्या बाजूला अद्भुत, थरारक कथा असत. दोन्हींचे मुद्रितशोधन त्याच काळजीने होई. इंदूरला जन्मलेल्या भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फास्टर फेणे घडवला. त्यांनी मुलांसाठी लिहिताना भाषेत कधी पाणी घातले नाही. ही माणसे आळ्या मानत नव्हती. आळ्या नंतर अभ्यासक्रमाने आखल्या. विद्यापीठात प्रश्नपत्रिका काढायची तर ज्याच्यावर प्रश्न काढता येईल तेच साहित्य, असा हिशेब झाला. ‘काळा पहाड या व्यक्तिरेखेतील नैतिक द्वंद्व स्पष्ट करा’ असा प्रश्न कोणी काढला नाही म्हणून ते द्वंद्व नव्हते असे नाही. कायदा मोडून न्याय करणारा माणूस स्वातंत्र्यापूर्वीच्या आणि नंतरच्या मराठी वाचकाला इतका का आवडला, हा प्रश्न मला तरी कोणत्याही नवकथेइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आणि सीमाभागात हा नुसता अभिरुचीचा वाद राहत नाही. १९५६ पासून आम्ही इथे मराठीसाठी भांडतो आहोत. मोर्चे झाले, सत्याग्रह झाले, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे. भाषणांत आम्ही ज्ञानेश्वर-तुकारामांचे नाव घेतो, घ्यायलाच हवे. पण इथल्या गिरणीतल्या, फाउंड्रीतल्या, हॉटेलात कपबशा विसळणाऱ्या, दिवसभर कन्नड-हिंदीत व्यवहार करणाऱ्या माणसाला रात्री मराठी वाचायला कोणी लावले? ज्यांची शाळा चौथीत सुटली त्यांच्या हातात मराठी अक्षर कोणी टिकवले? ‘सत्यकथे’ने नाही. ती थोर होती, १९८२ मध्ये बंद पडली तेव्हा मलाही हळहळ वाटली, पण ती त्यांच्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती. पोचले होते ते धनंजय आणि छोटू, कॅप्टन दीप, दारा बुलंद. भाड्याने पुस्तके देणाऱ्या टपऱ्यांतून, एसटीच्या थांब्यावरून, एकाने वाचून दुसऱ्याला देत. ज्या पुस्तकांनी आमची भाषा या गावांत घरोघरी जिवंत ठेवली ती आम्ही, भाषेचे रखवालदार म्हणवणाऱ्यांनी, किलोच्या भावाने विकली.

दुसरे नुकसान याहून अवघड आहे, कारण ते भरून येणारे नाही. हलक्या कागदावर छापलेली ही पुस्तके आपोआप संपत आहेत. कित्येकांवर प्रकाशनवर्ष नाही, कित्येकांची पुनर्मुद्रणे वेगळ्या नावाने निघाली. उद्या कोणा शहाण्या विद्यार्थ्याला अर्नाळकरांवर प्रबंध लिहावासा वाटला तर त्याला एका जागी त्यांची निम्मीसुद्धा पुस्तके मिळणार नाहीत. ‘जतन करण्याजोगी’ यादीतली पुस्तके दहा ग्रंथालयांत आहेत, तिथली एखादी प्रत गेली तर बिघडत नाही. निर्लेखनाच्या यादीतले पुस्तक मात्र अनेकदा शेवटचेच असते. म्हणजे बाइंडिंगचे पैसे नेमके उलट्या यादीवर खर्च व्हायला हवे होते. हे मला बैठकीत सुचले नाही, सही केल्यावर तीन महिन्यांनी सुचले.

त्या दिवशी रद्दीवाल्याकडून मी जेवढी उचलता आली तेवढी पुस्तके परत विकत घेतली. पिशवीत अकरा बसली. त्याने भाव वाढवून सांगितला आणि मी तो दिला. त्यांतल्या दोघांना मुखपृष्ठे नाहीत. एकाची मधली सोळा पाने दोनदा बांधली गेली आहेत. आणि एकाची सुरुवातीची व शेवटची पाने दोन्ही गेली आहेत, त्यामुळे नाव कळत नाही. धनंजयने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवले आहे, छोटू दाराशी उभा आहे, धनंजय बोलायला सुरुवात करतो आणि पान संपते. चुरगळलेल्या कोपऱ्यावर पृष्ठांक ११२ दिसतो. मजकुरात नाशकाच्या एका बंगल्याचा आणि हरवलेल्या मृत्युपत्राचा उल्लेख आहे. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा आजोळच्या फडताळात याची पूर्ण प्रत असेल तर संपादकांच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकावे. बेळगाव, निपाणी, खानापूर, अगदी गोव्यात असले तरी मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि वाचून परत आणून देईन.